शाळेच्या दाराशी साथ

साथ आली म्हणजे सरकारच्या हाती जे चारदोन सोपे उपाय असतात, त्यांत शाळा बंद करणे हा बहुधा पहिला. बाजार बंद करावा तर व्यापारी ओरडतात, गिरण्या बंद कराव्यात तर मालक आणि मजूर दोघेही ओरडतात, देवळे बंद करावीत तर भाविक दुखावतात. शाळा बंद झाली तर ओरडणार कोण? पोरे तर आनंदाने उड्या मारतात, निदान पहिले चार दिवस तरी. शिवाय हा हुकूम दिसावयासही शहाणपणाचा दिसतो. एका बाकावर तिघेतिघे बसणारी, एकमेकांची पाटी थुंकीने पुसणारी, एकाच पेल्याने पाणी पिणारी, शिंक आली तर तोंडावर हात धरण्याचे भान नसलेली ही मुले म्हणजे रोगाला मोकळे रान, असे कोणासही वाटावे. तेव्हा दाराला कुलूप घातले की एक कर्तव्य पार पडले, अशी समजूत सहज होते.

ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. कधी कधी कुलूप हाच खरोखर उपाय असतो. पण कुलूप घालण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वीही एक प्रश्न विचारावा लागतो. तो असा की, शाळेच्या दाराशी मुलाकडे पाहणारे कोणी उभे आहे काय? या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. त्याचा मुख्य भाग दूरच्या एका शहरात घडला. पण त्याचा धागा आपल्या बडोद्यापर्यंत, पुण्यापर्यंत आणि २०२० साली आपण सर्वांनी पाहिलेल्या रिकाम्या वर्गांपर्यंत येऊन पोचतो.

१९१८ साली इन्फ्ल्यूएंझाची जी जागतिक साथ आली, तिला आपल्याकडे लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच वर्षीच्या शरदऋतूत ती अमेरिकेत थैमान घालीत होती. तेथील बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन या तीन शहरांनी मात्र त्या चालू ठेवल्या. यांपैकी न्यूयॉर्कची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. कारण पन्नास लाखांहून अधिक वस्तीचे ते शहर, बंदरात रोज येणारी जहाजे, महायुद्धाचा अखेरचा काळ, आणि शाळेत जाणारी मुले सुमारे दहा लाख. एवढी मुले रोज सकाळी एकत्र येऊ द्यावयाची, म्हणजे वरवर पाहता वेडेपणाच.

शहराचे आरोग्याधिकारी डॉ. रॉयल कोपलँड यांचा हिशेब निराळा होता. या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले ‘टेनेमेंट’ नावाच्या इमारतींत राहत. आपल्या गिरगाव-परळच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या इमारतींची कल्पना करणे कठीण नाही. अंधारे जिने, उजेड न शिरणाऱ्या आतल्या खोल्या, एकेका खोलीत अख्खे कुटुंब. आईबाप दिवसभर कामावर. शाळा बंद केली तर ही मुले घरात सुरक्षित बसणार होती थोडीच! ती जिन्यांत, बोळांत, रस्त्यांवर हिंडणार, एकमेकांत मिसळणार, आणि त्यांच्याकडे पाहणारे तेथे कोणीही असणार नाही. उलट शाळेची इमारत स्वच्छ, उजेडाची, मोकळ्या हवेची. आणि तेथे रोज कोणीतरी मुलाच्या तोंडाकडे पाहते. आजारी मूल घरात लपून राहील; शाळेत ते लपणार नाही.

या युक्तिवादाचे सारे बळ ‘कोणीतरी पाहते’ या दोन शब्दांत आहे. ते दोन शब्द खोटे असते, तर कोपलँड यांचा निर्णय गुन्हा ठरला असता. ते खरे होते. आणि ते खरे व्हावयास चोवीस वर्षे लागली होती.

ती हकीकत १८९४ साली बॉस्टन शहरात सुरू होते. तेथे घटसर्पाची साथ होती. गळ्यात पांढरा पडदा धरून मूल गुदमरून मरावे, असा तो भयंकर रोग. शहराने पन्नास डॉक्टर नेमले आणि त्यांच्याकडे शाळा वाटून दिल्या. शिक्षकाला एखादे मूल बरे दिसले नाही, तर त्याने ते डॉक्टरला दाखवावयाचे, आणि डॉक्टरने ते वर्गात ठेवावे की घरी पाठवावे हे ठरवावयाचे. अमेरिकेत शाळेतील वैद्यकीय तपासणीची घडी येथे बसली. १८९७ साली न्यूयॉर्कने हाच प्रयोग दीडशे डॉक्टर नेमून केला. त्यांना महिना तीस डॉलर मिळत. एकाच दिवशी अनेक शाळा उरकावयाच्या, आणि उरलेल्या वेळी स्वतःचा दवाखाना चालवावयाचा, असे ते काम होते. पुढे याच कामावर सारा जोसेफाइन बेकर नावाची एक तरुण डॉक्टर रुजू झाली. ही तपासणी केवळ नावापुरती होती, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

नावापुरती नसती तरी तीत एक मोठा दोष होता. डोळ्यांत खुपऱ्या दिसल्या, डोक्यात नायटा किंवा उवा दिसल्या, बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसली, की मूल शाळेबाहेर. हातात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर रोगाचे नाव. ही चिठ्ठी ज्या आईच्या हाती जाई, ती इटलीतून किंवा रशियातून आलेली. तिला इंग्रजी वाचता येत नसे, पुष्कळदा काहीच वाचता येत नसे. मूल घरी का आले, त्याला काय करावयाचे, परत कधी पाठवावयाचे, काहीच तिला कळत नसे. मग ते मूल रस्त्यावर खेळत राही. आणि दुपारी तीन वाजता शाळा सुटली की त्याच वर्गातील तीच मुले त्याच्याबरोबर खेळावयास येत. शाळेने रोग दाराबाहेर घालवला होता. पण तो कोपऱ्यावरच उभा होता. शिवाय मुलाची शाळा गेली ती गेलीच.

या दोषावर पहिल्याने नेमके बोट ठेवले ते एका परिचारिकेने. लिलियन वाल्ड यांनी १८९३ पासून न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत राहून घरोघर शुश्रूषेचे काम चालविले होते. त्यांना तेथे बारा वर्षांचा एक मुलगा आढळला. त्याच्या डोक्यावर त्वचारोगाचे चट्टे होते, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक शाळेने त्याला परत पाठविले होते. बारा वर्षांचा होऊन त्याला लिहितावाचता येत नव्हते. वाल्डबाईंनी त्याच्या चट्ट्यांवर नियमितपणे औषध लावले; चट्टे बरे झाले; मुलगा शाळेत जाऊ लागला. एवढीच गोष्ट. परंतु तिच्यातून वाल्डबाईंनी एक मोठा प्रश्न काढला: हे दोन पैशांचे मलम त्याच्या आणि शाळेच्या मध्ये इतकी वर्षे का उभे होते?

१९०२ च्या ऑक्टोबरात त्यांनी शहराला एक प्रयोग सुचविला. आपल्या संस्थेतील लिना रॉजर्स या परिचारिकेला त्यांनी एक महिना चार शाळांवर पाठविले. डॉक्टरने ज्या मुलाला दोष काढला, त्याला किरकोळ तक्रार असेल तर रॉजर्स शाळेतच औषध लावून त्याला वर्गात परत बसवीत. तक्रार मोठी असेल तर त्या त्याच्या घरी जात. चार-पाच मजले चढून, आईसमोर बसून, हे असे धुवावयाचे, हे असे लावावयाचे, हा टॉवेल निराळा ठेवावयाचा, असे करून दाखवीत. आणि दोन दिवसांनी पुन्हा जाऊन पाहत. महिन्याच्या अखेरीस शहराने आणखी परिचारिका नेमल्या. फळ काय झाले, ते आकड्यांतच सांगितलेले बरे. सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून १०,५६७ मुले आजारापायी बाहेर काढली गेली होती. सप्टेंबर १९०३ मध्ये हा आकडा १,१०१ वर आला.

शाळेतील आरोग्याच्या इतिहासात याहून मोलाचा आकडा क्वचितच असेल. या वर्षभरात कोणताही नवा शोध लागला नव्हता, नवे औषध निघाले नव्हते. बदल झाला तो एवढाच, की ज्याला दाराशी अडविले त्याच्यामागे कोणी त्याच्या घरापर्यंत जाऊ लागले. तोवर तपासणी म्हणजे नाक्यावरच्या शिपायाचे काम होते. आता ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे काम झाले. शिपाई म्हणतो, ‘मागे फीर’. वडीलधारी बाई म्हणते, ‘चल, पाहू काय झाले आहे ते’. रोग एकच, मूलही एकच. पण या दोन वाक्यांत सार्वजनिक आरोग्याची दोन युगे आहेत.

१९०८ साली न्यूयॉर्कने बाल-आरोग्याचे स्वतंत्र खाते काढले, आणि त्याची सूत्रे डॉ. बेकर यांच्या हाती दिली. त्या सोळा वर्षांच्या असताना त्यांचे वडील विषमज्वराने गेले होते. साथीचा रोग घराला काय करतो, हे पुस्तकातून शिकण्याची त्यांना गरज नव्हती. पुढील दहा वर्षांत त्यांच्या खात्याच्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची पावले त्या अंधाऱ्या जिन्यांना चांगली परिचयाची झाली. ही गोष्ट लहान नाही. साथीच्या दिवसांत दार ठोठावणाऱ्या सरकारी माणसाला लोक आत घेतात की नाही, हे तो साथीपूर्वी कोणत्या कामासाठी आला होता, यावर ठरते. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरांत घुसले, तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपविली. तेथे त्यापूर्वी कोणी मलम घेऊन आलेले नव्हते.

आता १९१८ कडे वळू. ऑगस्टच्या मध्यास ‘बर्गेन्सफ्योर्ड’ नावाचे नॉर्वेचे जहाज आजारी उतारू घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात आले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोग शहरात पसरू लागला. तेव्हा १७ सप्टेंबरला आरोग्यखात्याने असा नियम केला की, इन्फ्ल्यूएंझाच्या प्रत्येक रुग्णाची वर्दी खात्याला मिळालीच पाहिजे. ऑक्टोबरच्या आरंभी कचेऱ्या, दुकाने, कारखाने आणि नाटकगृहे यांच्या वेळा पुढेमागे करण्यात आल्या, म्हणजे आगगाड्यांत एकाच वेळी गर्दी होऊ नये. आणि शाळांचा प्रश्न समोर आला. शेजारची शहरे शाळा बंद करीत होती. डॉ. बेकर यांनी कोपलँड यांच्याकडे एक संधी मागितली. शहरातील इतक्या मोठ्या लोकसंख्येची रोजच्या रोज तपासणी करण्याची सोय दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळणार नाही; ती सोय शाळेच्या रूपाने हाती असताना आपण होऊन का सोडावी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कोपलँड यांनी ते मानले.

मग शाळांत नवी शिस्त आली. सकाळी शाळेबाहेर घोळका करावयाचा नाही; मुलाने आल्याबरोबर थेट आपल्या वर्गात, आपल्या शिक्षकापुढे जावयाचे. शिक्षकाने हजेरी घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडे नीट पाहावयाचे. डोळे लाल आहेत काय, नाक वाहते काय, खोकला आहे काय, मूल मलूल दिसते काय. संशय आला की त्या मुलाला वेगळ्या जागी बसवावयाचे, आणि डॉक्टर येईपर्यंत इतरांत मिसळू द्यावयाचे नाही. ताप निघाला तर त्याला एकटे घरी धाडावयाचे नाही. आरोग्यखात्याचा माणूस त्याला घरी पोचवील. तो माणूस घर पाहील. येथे मुलाला निराळे ठेवता येईल काय, शुश्रूषा करणारे कोणी आहे काय? असेल तर मूल घरी. नसेल तर रुग्णालयात. घरी राहिलेल्या मुलासाठी कुटुंबाने आपला डॉक्टर लावावा. तो लावण्याची ऐपत नसेल तर खात्याचा डॉक्टर फुकट येईल. शाळा सुटली की मुलांनी रेंगाळावयाचे नाही, सरळ घरी जावयाचे. खोकताना तोंडावर रुमाल, कोठेही थुंकणे नाही, हे धडे तर रोजचेच.

या नियमांत कोठेही लस नाही, औषध नाही. कारण त्या वेळी दोन्ही नव्हते. इतकेच काय, रोग कशाने होतो हेही त्या वेळच्या वैद्यकाला ठाऊक नव्हते. पुष्कळ डॉक्टर एका जंतूला दोष देत होते, आणि तो आरोप चुकीचा होता. मनुष्याच्या इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली. म्हणजे ज्यांनी ही व्यवस्था उभी केली, ते शत्रूला ओळखतही नव्हते. ते मुलांना ओळखत होते, त्यांची घरे ओळखत होते, आणि कोणते दार ठोठावले म्हणजे कोण उघडील, हे त्यांना माहीत होते. त्या ज्ञानावर त्यांनी काम भागविले.

निर्णयावर टीका पुष्कळ झाली. दहा लाख मुलांच्या जिवाशी हा खेळ आहे, असे म्हणणारेही कमी नव्हते. शिकागोत तर शाळा उघड्या असूनही कितीतरी आईबापांनी भयापोटी मुले घरीच ठेवली. त्यांना आज कोण हसेल? शेजारच्या घरातून रोज प्रेत निघत असताना आईने मुलाला दप्तर देऊन बाहेर पाठवावे, यासाठी सरकारी पत्रकापेक्षा काही अधिक लागते.

फळ काय झाले? येथे इतिहासाने जपून बोलले पाहिजे. त्या साथीच्या चोवीस आठवड्यांत नेहमीपेक्षा जे अधिक मृत्यू झाले, त्यांचे दर लाख वस्तीमागे प्रमाण पुढे अभ्यासकांनी काढले आहे. न्यूयॉर्कमध्ये ते ४५२ होते. बॉस्टनमध्ये ७१०, फिलाडेल्फियात ७४८. शाळा चालू ठेवणाऱ्या शिकागोत ते ३७३ होते. एवढ्यावर थांबले तर शाळा उघडी ठेवणे हाच विजयाचा मंत्र, असे वाटेल. पण सेंट लुईस या शहराने रोग पोचताच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळांसह सारे काही बंद केले, आणि तेथील प्रमाण ३५८ होते, म्हणजे न्यूयॉर्कहून कमी. उलट फिलाडेल्फियाने २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक निघू दिली, आणि शाळा बंद केल्या त्या नंतर, रोग घरोघर पोचल्यावर. शिवाय १९१८ च्या त्या रोगाने बळी घेतले ते मुख्यत्वे वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांचे. शाळकरी वयाची मुले त्या मानाने बचावली. २००७ साली अमेरिकेतील ४३ शहरांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसते की, ज्या शहरांनी लवकर, एकाहून अधिक उपाय एकत्र योजून आणि पुरेसे दिवस टिकवून काम केले, तेथे मृत्यू कमी झाले. आणि या उपायांत शाळा बंद ठेवण्याचाही वाटा होता.

तेव्हा न्यूयॉर्कची गोष्ट ही शाळा उघड्या ठेवण्याच्या बाजूची साक्ष म्हणून कोणी वापरू नये. ती दुसऱ्याच एका गोष्टीची साक्ष आहे. सेंट लुईसपाशी वेळेवर बंद करण्याची तयारी होती. न्यूयॉर्कपाशी उघडे ठेवण्याची तयारी होती. ज्यांच्यापाशी कोणतीच तयारी नव्हती, त्यांचे कुलूपही उशिरा लागले आणि दारही उगाच उघडे राहिले. निर्णय एका दिवसात घेता येतो. निर्णय निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र त्यापूर्वीच्या वीस वर्षांत मिळवावे लागते.

याच काळातील आणखी एक प्रयोग येथे सांगितला पाहिजे, कारण तो पुढे अनपेक्षितपणे उपयोगी पडला. १९०४ साली बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे क्षयाची भीती असलेल्या अशक्त मुलांसाठी पाइनच्या झाडीत शाळा काढण्यात आली. शिकणे, जेवणे, विश्रांती, सारे उघड्यावर. १९०८ च्या जानेवारीत अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात दोन स्त्री-डॉक्टरांच्या पुढाकाराने वर्गाच्या एका बाजूची भिंत काढून तेथे उघडणाऱ्या खिडक्या बसविण्यात आल्या. भर थंडीत मुले जाड पिशव्यांत कमरेपर्यंत शिरून बसत आणि पायाशी तापविलेला दगड ठेवीत. ऐकून हसू येते. परंतु २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडच्या साथीत डेन्मार्क देशाने युरोपात पहिल्याने शाळा उघडल्या, त्या सर्वांत लहान मुलांच्या. आणि तेथेही वर्ग होता होईल तो मैदानात आणि बागेत भरविण्यात आले. लहान लहान गट केले, मेजे दोन मीटर अंतरावर मांडली, दर थोड्या वेळाने हात धुण्याचा नियम केला, आईबापांनी फाटकाशीच निरोप घ्यावा असे ठरविले. शंभर वर्षांपूर्वीचे शहाणपण पुन्हा कामास आले. झाडाखालची शाळा ही आपल्याकडे दारिद्र्याची खूण मानली जाते. ती कधी कधी आरोग्याचीही खूण असते, हे आपण विसरलो होतो.

आता आपल्या घराकडे येऊ. या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्याने झाली ती १९०९ साली, बडोदे शहरात. इंग्लंडने ती कायद्याने सक्तीची करून तेव्हा फक्त दोन वर्षे झाली होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. या दोन गोष्टींचा संबंध उघड आहे. मुलाला शाळेत येण्याची सक्ती राज्याने केली, तर शाळेत ते सुखरूप राहील हे पाहण्याची जबाबदारीही राज्यावर येते. बडोद्याला हे इतक्या लवकर उमगले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

अभिमान वाटावा आणि खेदही. कारण १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला, तेव्हा शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असे तिला आढळले. १९६० साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली गेली. तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. शिफारशी उत्तम होत्या. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २०१३ च्या फेब्रुवारीत, आपल्या पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत यावे आणि प्रत्येक मूल तपासावे, अशी त्याची योजना आहे. वर्षातून एकदा! नाही त्यापेक्षा हे पुष्कळच. परंतु साथ वर्षातून एकदा ठरल्या तारखेला येत नाही.

ती २०२० च्या मार्चमध्ये आली. शाळा बंद झाल्या. त्या वेळी रोग नवा होता, घराघरांत म्हातारी माणसे होती, एकेका खोलीत तीन पिढ्या राहत होत्या. बंद करणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण महाराष्ट्रातील बहुसंख्य लहान मुलांनी त्यानंतर २०२१ च्या अखेरीपर्यंत वर्ग पाहिला नाही. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरात शाळा म्हणजे भिंतीवर टांगलेले दप्तर उरले. दुपारच्या शिजवलेल्या ऊन अन्नाच्या जागी कोरडा शिधा आला. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाढे आणि धडे रंगविले, म्हणजे मूल रस्त्याने जाताजाता वाचील. त्यांच्या कल्पकतेला नमस्कार. पण वर्गाची भिंत रस्त्यावर यावी लागली, हे विसरून चालणार नाही. ‘असर’च्या पाहणीत २०१८ साली ग्रामीण भारतातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सत्तावीस मुले दुसरीचा धडा वाचू शकत होती. २०२२ साली ती संख्या वीस-एकवीसवर आली. हेही साथीचेच बळी. त्यांची नोंद मृत्यूच्या रजिस्टरात होत नाही, एवढेच.

आणि शाळा उघडल्या तेव्हा? दाराशी साबण आला, मुखपट्टी आली, जमिनीवर पांढरी वर्तुळे आली, आणि कपाळावर रोखलेली तापमापकाची बंदूक आली. हे सारे योग्यच होते. पण ज्या मुलाचा ताप बंदुकीने दाखविला, त्याच्याबरोबर घरापर्यंत कोण गेले? आपल्याकडे घरोघर जाणारी माणसे नव्हती असे नाही. आशाताई गावोगावचे उंबरठे झिजवीत होत्या, वस्त्यांचे जिने चढत होत्या. लिना रॉजर्स यांचेच काम त्या करीत होत्या. परंतु त्यांच्या हातची वही आणि शिक्षकाचा हजेरीपट यांची भेट क्वचितच झाली. ही भेट घडवून आणणे, हे आपले अपुरे राहिलेले काम आहे.

१८९७ च्या मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या छावणीत एक वृद्ध शिक्षिका काम करीत होती. पन्नास वर्षांपूर्वी मुलींना शिकविण्यासाठी ती घराबाहेर पडली, तेव्हा लोकांनी तिच्यावर शेण फेकले होते. आता तिने प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेतले आणि आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोचविले. त्यातच तिला प्लेग झाला आणि १० मार्चला ती गेली. सावित्रीबाई फुले यांची ही हकीकत त्यागाची गोष्ट म्हणून आपण सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. मूल आजारी आहे हे पहिल्याने ओळखणारी, त्याला दाराबाहेर न घालविता त्याच्याबरोबर चालत जाणारी ही शिक्षिका होती. तिच्यामागे खाते नव्हते, परिचारिका नव्हती, नियमांची वही नव्हती. म्हणून तिला मूल स्वतःच्या पाठीवर घ्यावे लागले.

ज्या समाजात शिक्षकाला असे एकट्याने मूल पाठीवर घ्यावे लागत नाही, त्या समाजाने साथीची तयारी केली आहे असे समजावे. अशी तयारी साथ ओसरल्यावर, कोणाला भीती वाटत नसताना करावयाची असते. सकाळी घंटा झाल्यावर शिक्षक हजेरी घेतो, तेव्हा नाव पुकारून क्षणभर त्या मुलाच्या तोंडाकडे पाहावे. आणि त्या पाहण्यातून काही निघाले तर पुढे कोणाला सांगावयाचे, हे त्याला ठाऊक असावे. मग पुढल्या साथीत शाळा बंद ठेवावयाची की उघडी, हे आपल्याला भीतीच्या हुकमावरून ठरवावे लागणार नाही.